‘आतां मी काय करूं?’

पावसानें जोर धरला, कामवारीचें पाणी चढूं लागलें आणि जिल्हाधिकाऱ्यांनीं शाळांस सुट्टी जाहीर केली, म्हणजे आमच्या भिवंडींत घरोघरीं दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. मुलें आनंदानें ओरडतात, आणि आईबाप ‘आतां यांचें काय करायचें?’ म्हणून कपाळास हात लावतात. अशाच एका सुट्टीच्या सकाळीं आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे एक सद्गृहस्थ आमच्या दारीं आले. व्यवसायानें अभियंते, वृत्तीनें सज्जन, आणि दोन मुलांचे अत्यंत दक्ष पिते. ‘सर,’ ते म्हणाले, ‘मुलें दोन दिवस घरांत अडकलीं आहेत. शब्दकोड्यांचें वगैरे एखादें पुस्तक असेल तर द्या. अकरा ते साडेबारा चित्रकलेचा ऑनलाइन क्लास लावला आहे, चार ते पांच अबॅकस आहे. मधले साडेतीन तास तेवढे मोकळे पडतात.’ ‘मोकळे पडतात’ हे शब्द त्यांनीं अशा स्वरांत उच्चारले कीं, जणूं छपराचा पत्रा उडून तेवढ्या जागेंतून पाऊस आंत येत होता!

आम्हीं पुस्तक दिलें. देतांना मनांत जें आलें तें तेथल्या तेथें बोललों नाहीं याची रुखरुख राहिली. ती या लेखानें फेडून घेत आहों.

आमचें म्हणणें असें आहे कीं, घरांत अडकलेल्या मुलाच्या रिकाम्या वेळेवर सुशिक्षित आईबापांनीं जो हल्ला चालविला आहे तो थांबला पाहिजे. आजच्या मध्यमवर्गीय घरांत मुलास खाऊ, कपडे, पुस्तकें, डॉक्टर, शिकवणी यांपैकीं कशाचीहि वाण नाहीं. वाण आहे ती कोणीं न आखलेल्या, कोणी न पाहणाऱ्या एका तासाची. ‘आतां मी काय करूं?’ असें मुलानें विचारण्याचा अवकाश, आई स्वयंपाकघरांतून आणि बाप लॅपटॉपवरून उठून येतो, आणि प्रश्न पुरा होण्यापूर्वींच उत्तर त्याच्या हातांत पडतें : मोबाइल, नाहीं तर क्लास, नाहीं तर ज्याच्या खोक्यावर ‘शैक्षणिक’ असें ठळक छापलें आहे असें एखादें खेळणें. (या शेवटच्या वस्तूविषयीं आमचा अनुभव असा कीं, खेळणें एकीकडे ठेवून मूल खोक्याशीं खेळतें.) मोबाइलवर सर्वांचा राग आहे; आमचा तितकासा नाहीं. मोबाइल आणि चित्रकलेचा क्लास हीं दोन टोकें आहेत असें पालक समजतात, एक पाप आणि दुसरें पुण्य. मुलाच्या बाजूनें पाहिलें तर दोहोंत फारसा फरक नाहीं. दोन्हीं ठिकाणीं त्याच्या प्रश्नाचें उत्तर बाहेरून येतें. आणि तो प्रश्न खरें पाहतां मुलानें आईबापांस विचारलेलाच नसतो. तोंड आपल्याकडे असलें तरी विचारणा त्याची स्वतःशींच चाललेली असते. आपण मोठीं माणसें ती मधल्यामध्यें झेलतों.

घरांत अडकून पडणें म्हणजे काय, हें भिवंडीकरांस कोणीं शिकवावयास नको. या गांवानें मे १९७० मध्यें आणि पुन्हां मे १९८४ मध्यें जे दिवस पाहिले, ते निघाले म्हणजे आजहि जुन्या माणसांच्या बोलण्याचा सूर खालीं येतो. १९८४ सालीं आम्ही तेरा-चौदा वर्षांचे होतों. शाळेस उन्हाळ्याची सुट्टी होती. दंगा पेटला, संचारबंदी पुकारली गेली, लष्कर आलें. भिवंडी, ठाणें आणि मुंबई मिळून दोनशेंहून अधिक माणसें त्या थोड्याशा दिवसांत मेलीं. बालपणींचे रम्य दिवस म्हणून आम्ही ते सांगत आहों, असें कृपा करून कोणीं समजूं नये. ते दिवस कोणत्याहि मुलाच्या वांट्यास येऊं नयेत.

आमचें घर तेव्हां ब्राह्मण आळींत होतें. जुन्या बांधणीचें, पुढें ओटी, मध्यें माजघर, वर माळा, मागें परसू. दारास अडसर घातलेला, खिडक्या बंद. मोठ्यांचें सारें लक्ष रेडिओकडे आणि रस्त्यावरच्या आवाजांकडे. दूध केव्हां मिळेल, पीठ किती दिवस पुरेल, पलीकडच्या मोहल्ल्यांत राहणारे वडिलांचे स्नेही सुखरूप असतील कीं नाहीं, ह्या विवंचनेंत आम्हां मुलांस रमविण्यास सवड कोणास असणार? आम्ही चौघें होतों : आम्ही, आमचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ, आणि शेजारच्या दोन बहिणी, ज्या मागच्या दारानें खेळावयास म्हणून आल्या होत्या त्या आमच्याकडेच राहिल्या. आम्हांस इतकेंच सांगण्यांत आलें होतें : ओटीवर यायचें नाहीं, मोठ्यानें ओरडायचें नाहीं. पुढचें आमचें आम्हीं पाहावयाचें.

माळ्यावर एका पोत्यांत जुन्या कांड्या होत्या. ज्यांनीं माग पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों : धोट्यांत बाण्याचें सूत गुंडाळलेली जी कांडी बसवितात, ती सूत संपलें कीं रिकामी निघते, आणि पुन्हां भरली जाते, तुटली-फुटली कीं मागवाल्याच्या उपयोगाची राहत नाहीं, आणि भिवंडीच्या मुलांच्या उपयोगाची होते. त्या पोत्यांतून पहिल्या दिवशीं आगगाडी निघाली, दुसऱ्या दिवशीं माणसें, आणि तिसऱ्या दिवशीं एक सबंध गांव. चिंचोक्यांचीं दुकानें झालीं. परसांत जाण्यास बंदी होती म्हणून न्हाणीघरांतल्या मोरीस कामवारी नदी समजण्यांत आलें. आणि मग धाकट्यानें एक निराळाच खेळ काढला. त्यानें गांवांतल्या सगळ्या कांड्या आडव्या करून ठेवल्या, एक तेवढी उभी केली, आणि म्हणाला, ‘हा पोलीस आहे. सगळ्यांनीं घरांत.’ नंतर एक आंखूड कांडी भिंतीच्या कडेकडेनें सरपटत निघाली. ‘हा दूध आणायला गेला आहे,’ तो म्हणाला. तो दूध आणणारा दोन दिवस जात होता. कधीं तो परत येई, कधीं येत नसे. न आला तर धाकटा त्यास पुन्हां पहिल्यापासून निघावयास लावी. आजीस तें पाहवेना. ‘मेल्यांनो, असलें अभद्र कसलें खेळतां?’ म्हणून ती उठली. आईनें तिचा हात धरला आणि ‘खेळूं द्या त्यांना’ एवढेंच म्हणाली. आई सातवीपर्यंत शिकलेली. बालमानसशास्त्राचें नांवहि तिच्या कानांवर गेलेलें नव्हतें. तिच्यापुढें त्या वेळीं दुसरीं दहा कामें होतीं, हेंच बहुधा आमचें भाग्य.

पुढें एका दुपारीं तो दूध आणणारा परत आला तो आलाच. मग तो खेळ बंद पडला आणि पुन्हां आगगाडी सुरू झाली.

धाकट्यास भीति वाटत होती, हें आज आम्हांस कळतें. ती त्यानें कोणास बोलून दाखविली नाहीं, आणि समोर बसवून ‘तुला कसें वाटतें, बाळ?’ असें कोणीं विचारलें असतें तर तो गप्प राहिला असता. एका कांडीस भिंतीच्या कडेनें नेऊन परत आणतां आणतां त्यानें आपल्या भीतीची व्यवस्था लावली. हें काम त्याच्या वतीनें आईस, वडिलांस किंवा आम्हांस करतां आलें नसतें. आम्ही फार तर त्यांत विघ्न आणूं शकलों असतों.

छत्तीस वर्षांनंतर तोच भाऊ सात वर्षांच्या मुलाचा बाप होता, आणि आम्ही सगळे पुन्हां घरांत अडकलों. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. माग थांबले. ज्या गांवांत खडखडाट असल्यावांचून माणसास झोप लागत नाहीं, तेथें रात्रीं घड्याळाची टिकटिक ऐकूं येऊं लागली. मे महिन्याच्या आरंभीं भिवंडी रोड स्थानकावरून मजुरांस घेऊन गोरखपुराकडे गाडी गेली; ज्यांस गाडी मिळाली नाहीं ते नाशिकच्या महामार्गानें पायीं निघाले, मुलें कडेवर घेऊन. त्या मुलांच्या खेळाविषयीं उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आम्ही लिहीत आहों तें आमच्यासारख्यांविषयीं, ज्यांच्या घरांत धान्य होतें, डोक्यावर पंखा होता, आणि पगार पहिल्या तारखेस बँकेंत जमा होत होता.

शाळा मार्चच्या मध्यापासूनच बंद झाल्या होत्या, आणि शहरांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांस वर्गाचा उंबरठा पुन्हां दिसावयास डिसेंबर २०२१ उजाडला. तोहि जानेवारींत कांहीं दिवस पुन्हां दिसेनासा झाला. वीस महिन्यांहून अधिक काळ! एवढा सलग मोकळा काळ आमच्या आठवणींत कोणत्याहि मुलांस मिळालेला नव्हता. त्याचें आम्हीं काय केलें? केंद्र सरकारनें जुलै २०२० मध्यें ‘प्रज्ञाता’ या नांवानें मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्वप्राथमिक मुलांसाठीं दिवसास ३० मिनिटांहून अधिक नको, आणि पहिली ते आठवीच्या मुलांस ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास असावेत, असें त्यांत सांगितलें होतें. सरकारास जें उमगलें तें पालकांस उमगेना! आमच्या इमारतींतल्या पालकांची त्यावर एकमुखी तक्रार होती : ‘एवढेंच?’

त्या तक्रारींत आमचा स्वतःचा आवाज कोणाहून लहान नव्हता. महाविद्यालय बंद असावें आणि प्राध्यापकाच्या हातीं मूल सांपडावें, म्हणजे काय अनर्थ होतो तो आमच्या पुतण्यानें भोगला. आम्हीं त्याचें वेळापत्रक केलें. तें रंगीत कागदावर लिहून भिंतीस लावलें. सकाळीं सूर्यनमस्कार, मग शाळेचा ऑनलाइन तास, मग इंग्रजी गोष्ट, मग पाढे, आणि शेवटीं ‘मुक्त खेळ : ३० मिनिटें’. मुक्त खेळास आम्हीं घड्याळ लावलें होतें! तो अर्धा तास मूल आमच्या तोंडाकडे पाहत बसे आणि विचारी, ‘काका, आतां मी काय करूं?’

ऑगस्टमध्यें घरांत ताप शिरला. आम्ही, आमची पत्नी, भाऊ आणि भावजय असे चौघेहि एकामागून एक खोल्यांत बंद झालों. बाहेर राहिली ती आमची आई, वय वर्षें शहात्तर, आणि तो. आईचे गुडघे दुखत. ती ओट्यापाशीं कशीबशी उभी राहून वरणभात करी आणि उरलेला वेळ खुर्चीवर बसून काढी. तिनें त्यास दोन कामें नेमून दिलीं : तांदूळ निवडावयाचे, आणि बंद दारापुढें ताट ठेवून, दार तीन वेळां वाजवून, लांब सरून उभें राहावयाचें. याहून अधिक कांहीं विचारलें तर ‘मला काय ठाऊक?’ म्हणे आणि डोळे मिटी. पहिले दोन-तीन दिवस तो कुरकुरला. दाराआडून आम्हांस तें ऐकूं येई. फोन सारे रोग्यांच्या हातीं होते, त्यामुळें तोहि मार्ग बंद. मग कुरकुर थांबली. त्याची आम्हांस अधिकच काळजी वाटली.

दोन आठवड्यांनीं आम्ही बाहेर आलों, तों जेवणाच्या टेबलाखालीं एक शहर उभें होतें. आगपेट्या, औषधांच्या रिकाम्या डब्या, कपड्यांचे चिमटे, सुतळी, एक फुटकी चाळणी. भिवंडीचें मूल, तेव्हां गोदामें सर्वांत अधिक. टेबलाच्या चारी पायांशीं चार, आणि त्यांत निवडून काढलेल्या तांदळांतले खडे पोत्यांप्रमाणें रचलेले. बाजूस डब्यांची एक रांग होती. तिच्यापुढें एक चिमटा जाई, तीन वेळां वाजे, आणि लांब सरून उभा राही.

आणि येथें आम्हीं जो गुन्हा केला तो सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आम्ही त्या शहरावर तुटून पडलों, कौतुकानें. भावजयीनें छायाचित्रें घेतलीं. भावानें तीं नातेवाइकांच्या गटावर पाठविलीं, आणि चोहोंकडून टाळ्या आल्या. आम्हीं खालीं वांकून, ‘हा पूल इकडे असावयास हवा, म्हणजे ट्रक थेट गोदामांत जाईल,’ अशी मौलिक सूचना केली. पुण्याहून आत्यानें फोनवर त्यास सगळ्या शहराची माहिती सांगावयास लावली. तो दोन वाक्यें बोलला आणि टेबलाखालून बाहेर आला. दुसऱ्या दिवशीं त्यानें आपण होऊन तें शहर आवरून ठेवलें, आणि आमच्या खुर्चीपाशीं येऊन म्हणाला, ‘काका, आतां मी काय करूं?’

‘झालें तुमचें समाधान?’ आई म्हणाली.

त्या प्रश्नावर आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. डॉनल्ड विनिकॉट या इंग्रज बालवैद्यानें १९५८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत, वरवर पाहतां विसंगत वाटणारी एक गोष्ट सांगितली आहे : मूल एकटें राहण्यास शिकतें तें कोणीतरी जवळ असतांना. आई घरांत आहे. पण ती कांहीं विचारीत नाहीं, मागत नाहीं, मध्यें येत नाहीं. अशा सान्निध्यांत मुलास निर्धास्तपणें एकटें होतां येतें, आणि तेव्हांच तें स्वतःचें असें कांहीं करूं लागतें. आमच्या आईनें नेमकें हेंच केलें. गुडघेदुखीमुळें केलें म्हणून तिचें श्रेय आम्ही कमी धरीत नाहीं. आजचा पालक एक तर मुलावर नजर खिळवून बसतो, नाहीं तर त्याच्या हातीं एक पडदा देऊन आपण दुसऱ्या पडद्यांत नाहींसा होतो. नुसतें जवळ असणें त्याला जमत नाहीं. आणि ज्या वेळीं मूल खरोखरच आपल्या नादांत गुंगलेलें असतें, त्याच वेळीं त्यास कौतुकाची आठवण होते! शाबासकी ही देखील एक ढवळाढवळ असूं शकते, हें आम्हांस पन्नाशींत कळलें.

कोणी म्हणेल, हें विलायती शास्त्र आम्हांस नको. तर मग आपल्याच मुलखाकडे पाहूं. १९४५ सालीं ताराबाई मोडक बोर्डीस गेल्या तेव्हां बोर्डी ठाणें जिल्ह्यांतच होती. पालघर जिल्हा २०१४ सालीं निराळा झाला. मॉंटेसरीबाईंच्या पद्धतीचें साहित्य महाग, आणि ज्या वस्तींत मुलाच्या अंगावर सदरा नाहीं तेथें तें आणावें कोठून? ताराबाईंनीं आणि अनुताई वाघ यांनीं शंख, शिंपले, बिया, पानें, खडे यांतून साधनें उभीं केलीं; मुलें शाळेकडे येईनात तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हें काम चाललें, आणि १९७५ मध्यें सरकारची बालविकासाची योजना निघाली तेव्हां अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. स्वतः मॉंटेसरीबाईंनीं, रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत १९०७ सालीं उघडलेल्या आपल्या बालगृहाविषयीं लिहितांना नमूद करून ठेवलें आहे कीं, तेथें ठेवलेल्या सुंदर खेळण्यांकडे मुलें वळलीं नाहींत; ज्यांत हातांस खरेंखुरें काम मिळे अशाच वस्तू त्यांनीं आपण होऊन निवडल्या. त्याच बाईंचें नांव चिकटवून आज लांकडी संच हजारों रुपयांस विकले जातात. तो संच घेणारा पालक घरांतला पोळपाट मात्र मुलाच्या हातीं लागूं देत नाहीं, कारण पीठ सांडेल!

या पिठाविषयीं आम्हांस थोडें अधिक बोलावयाचें आहे. खेळ आणि काम यांच्यामध्यें जी भिंत आपण घातली आहे ती मुलाच्या मनांत मुळींच नसते. लाटी लाटणें, वाटाणे सोलणें, कपड्यांच्या घड्या घालणें, तांब्यांतून पेल्यांत पाणी ओतणें, यांत त्यास जी गोडी वाटते ती सहा-सात वर्षांच्या वयांतच वाटते. त्या वयांत ‘तुला जमणार नाहीं, सांडशील’ म्हणून आपण त्यास दूर करतों, आणि बाराव्या वर्षीं ‘इकडची काडी तिकडे करीत नाहीं’ म्हणून रडतों. मुलग्यांच्या बाबतींत तर हा प्रकार लज्जास्पद आहे. दहा वर्षांचा चिरंजीव सोफ्यावर बसून ‘आई, पाणी!’ म्हणून हांक मारतो, ती माउली ओले हात पुसत पेला आणून देते, आणि शेजारीं बसलेले तीर्थरूप वर्तमानपत्रांतून डोकेंहि वर काढीत नाहींत. हें चित्र आम्हीं दुसऱ्यांच्याच घरीं पाहिलें आहे असें नाहीं.

आक्षेप पुष्कळ येतात. घर लहान आहे, हा पहिला. स्टीव्हन्सन लहानपणीं वारंवार आजारी असे, आणि १८८५ मध्यें निघालेल्या त्याच्या बालगीतांत अंथरुणास खिळलेलें मूल पांघरुणाच्या घड्यांवरून आपलें सैन्य नेतें. एका खाटेवर जें मावलें तें आमच्या दोन-तीन खोल्यांत मावूं नये काय? अर्थात् पद्मानगरांत एका खोलींत आठ माणसें राहतात त्यांच्यापुढें हा मुद्दा मांडण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. परंतु हा आक्षेप तेथून कधीं येत नाहीं, तो नेहमीं मोठ्या घरांतून येतो. मूल पडेल, चटका बसेल, बोट कापेल, हा दुसरा. होय, बोट कापेल. विजेचीं बटणें, गॅसची शेगडी आणि सज्जाचा कठडा या तीन ठिकाणीं बंदी असावी, आणि ती मोडल्यास दयामाया नसावी. उरलेल्या घरांत ‘सांभाळ, सांभाळ’ हा जप बंद करावा. आईस उसंत नाहीं, हा आक्षेप मात्र खरा आहे. आणि तो ऐकतांना बापांनीं मान खालीं घालावी. तथापि आईस आम्ही अधिक काम सांगत नाहीं, आहे त्यांतलें एक काढून घ्यावयास सांगतों. मुलाचें मन रमविणें हें आईच्या कामांच्या यादींत केव्हां जाऊन बसलें? आमच्या आईच्या यादींत तें नव्हतें.

सर्वांत जोरानें येणारा आक्षेप असा कीं, मूल मागें पडेल. मुलास खेळण्याचा आणि विश्रांतीचा हक्क आहे असें १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमांत लिहिलें आहे, आणि १९९२ सालीं भारतानें ती मान्य केली, हें या पालकांस सांगून उपयोग नसतो. शेजारच्या मुलाचा अबॅकसचा तिसरा टप्पा झालेला असतो, त्यापुढें संयुक्त राष्ट्रांचें काय चालणार? म्हणून आम्ही त्यांस आमच्या वर्गांत घेऊन जातों. टाळेबंदीच्या वेळीं जीं मुलें दहा-बारा वर्षांचीं होतीं तीं आतां महाविद्यालयांत येऊं लागलीं आहेत. मुलें बुद्धिमान् आहेत, नम्र आहेत, आमच्या वेळेपेक्षां इंग्रजी बरें बोलतात. गेल्या वर्षीं आम्हीं त्यांस म्हटलें, ‘तुम्हांस आवडेल त्या विषयावर चार पानें लिहून आणा.’ वर्ग एकदम गप्प झाला. मग एक हात वर आला : ‘सर, विषयांची यादी मिळेल का?’ यादी नाहीं म्हटल्यावर दुसरा : ‘सर, मुद्दे कोणते अपेक्षित आहेत?’ तास संपल्यावर एक मुलगी आमच्या टेबलापाशीं आली. दहावीस नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळविलेली मुलगी. इतर मुलें बाहेर पडेपर्यंत ती थांबली आणि मग हळूच म्हणाली, ‘सर, मला काय आवडतें तेंच मला माहीत नाहीं.’

आम्हांस तिला देण्यासारखें उत्तर सुचलें नाहीं. याचें सारें खापर टाळेबंदीवर फोडणें अन्यायाचें होईल. दुखणें त्याच्या पूर्वींचें आहे. त्या वीस महिन्यांत तें बरें करण्याची एक संधि चालून आली होती, ती आपण वेळापत्रकें लावून घालविली. ‘आतां मी काय करूं?’ हा प्रश्न जिच्यापुढें सातव्या वर्षीं एकटीनें उभा राहावयास हवा होता, तिच्यापुढें तो अठराव्या वर्षीं प्रथमच उभा राहिला होता, आणि तोहि चार पानांच्या निबंधाच्या रूपानें. पुढें तो नोकरीच्या, लग्नाच्या, मतदानाच्या रूपानें येईल, तेव्हां यादी कोण देणार?

वरच्या मजल्यावरील सद्गृहस्थांस हें सारें आम्हीं पुढें एकदां सविस्तर सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. ‘सर, तुमचें म्हणणें पटतें,’ ते म्हणाले, ‘पण बाकीचीं मुलें क्लासला जातात ना!’ आमच्या दोघांत समेट झाला तो इतकाच कीं, बुधवारीं अबॅकस नसतो, त्या संध्याकाळीं त्यांच्या धाकट्यानें आमच्याकडे यावें. तो येतो. पहिल्या बुधवारीं तो खुर्चीपाशीं उभा राहिला आणि त्यानें अपेक्षेप्रमाणें तोच प्रश्न विचारला. ‘ठाऊक नाहीं बुवा,’ आम्ही म्हणालों, आणि उत्तरपत्रिका तपासूं लागलों. गेल्या बुधवारीं येतांना त्यानें घरून सुतळीचा एक मोठा गुंडा आणला होता. त्याचें त्यानें काय केलें तें आम्हीं पाहिलें नाहीं. रात्रीं स्वयंपाकघराचें दार उघडेना, एवढें मात्र खरें.